मर्सिडीजचे व्याज आणि ट्रॅक्टरचे व्याज

मागच्या महिन्यातली गोष्ट. धानावरचा तुडतुडा पाहून परत येताना साकोलीच्या अलीकडे महामार्गाच्या कडेला एका टपरीवर आम्ही चौघे-पाच जण चहाला थांबलो होतो. तेवढ्यात रायपूरकडून एक लांबलचक पांढरी गाडी आली आणि टपरीसमोर उभी राहिली. समोरच्या जाळीत मधोमध तीन टोकांचा तारा. मर्सिडीज. गाडीवाला चहा घेईपर्यंत पोरांनी गाडीसोबत फोटो काढून घेतले. एकाने मला विचारले, "साहेब, केवढ्याची असन?" मी म्हणालो, "तुझ्या बांध्या विकल्या तरी पुरायचे नाही."

बाकावर एक म्हातारबा बसले होते. वय पंचाहत्तरीच्या पुढचे. ते म्हणाले, "हा तारा आमच्या टरकवर होता ना जी. मी तुमसरच्या राइस मिलच्या टरकवर किलीनर होतो तवा." पोरे हसली. एक जण म्हणाला, "बाबा, टरकवर मर्सिडीज राह्यते का?"

वाचकहो, पोरे चुकली होती आणि म्हातारबा बरोबर होते. टेल्को म्हणजे टाटांच्या कारखान्याने १९५४ साली जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. त्या ट्रकचे नाव 'टाटा-मर्सिडीज-बेंझ'. नाकाड पुढे आलेले, आणि नाकाडावर हाच तारा. करार १९६९ ला संपला, तारा गेला आणि त्या जागी टाटांचे 'टी' अक्षर आले. मधल्या पंधरा वर्षांत आपल्या मुंबई-कलकत्ता रस्त्यावरून तांदूळ, मॅंगनीज, तेंदूपत्ता वाहणाऱ्या ट्रकांत हे तारेवाले ट्रक होते. म्हणजे ज्या गाडीसोबत आज आपली पोरे फोटो काढतात, तिचे कूळ आपल्या आज्यांनी पोती भरून पाहिलेले आहे.

त्या दिवसापासून हा विषय डोक्यात घोळत होता. मी कृषी पदविका झालेला माणूस, मोटारीतला जाणकार नव्हे. पण या कंपनीचा इतिहास वाचत गेलो तसे वाटले, यात शेतकऱ्याच्या कामाचे बरेच आहे, आणि ते कुणी सांगत नाही. सगळे फक्त किंमत सांगतात.

सुरुवातच बघा. जर्मनीतल्या मानहाइम गावी कार्ल बेंझ नावाचा कारागीर होता. हातात कला, पण पैशाच्या बाबतीत रडगाणे. भागीदारही धड नव्हता. त्याची होणारी बायको बेर्था. तिने लग्नाआधीच आपला हुंड्याचा पैसा बापाकडून मागून घेतला आणि त्या पैशातून तो भागीदार बाजूला केला, तेव्हा कारखाना वाचला. १८७२ साली दोघांचे लग्न झाले. पुढे २९ जानेवारी १८८६ ला बेंझने पेट्रोलवर चालणाऱ्या तीनचाकी गाडीचे पेटंट घेतले. जगातली पहिली मोटारगाडी म्हणून आज हिचेच नाव घेतात. पण घेणार कोण? लोक लांबून बघायचे, हसायचे, घोडागाडी करून निघून जायचे.

मग १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्थाबाईने काय केले? नवरा झोपेत असताना पहाटे दोन्ही पोरांना घेतले, गाडी बाहेर काढली आणि थेट पफोर्झहाइमला माहेरी निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. तोवर ही गाडी गावाबाहेर अशी गेलीच नव्हती. वाटेत इंधन संपले तर व्हीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून डाग काढायचे द्रावण विकत घेऊन टाकीत ओतले. नळीत कचरा अडकला तो टोपीच्या पिनेने काढला. ब्रेकची लाकडे झिजली तर चांभाराकडून त्यावर चामडे ठोकून घेतले. चढावर पोरांनी ढकलले. संध्याकाळी पोचल्यावर नवऱ्याला तार केली. परत आल्यावर सांगितले, चढासाठी आणखी एक गिअर पाहिजे. त्याने तो बसवला.

आमच्या खात्यात याला 'प्रात्यक्षिक' म्हणतात. शेतकरी पत्रकाने पटत नाही, शेजारच्या बांधीत पाहिल्यावर पटतो. श्री पद्धतीची रोवणी असो की पट्टा पद्धत, मी दहा सभांत बोललो त्यापेक्षा एका बाईच्या अर्ध्या एकराने जास्त काम केले आहे. बेर्था बेंझ ही मला तरी कृषी विस्ताराचीच बाई वाटते.

दुसरा माणूस गॉटलीब डेमलर. तोही जर्मनीतलाच, त्याच वर्षांत तेच काम करणारा, पण त्याचा विचार वेगळा. त्याने इंजिन गाडीत बसवले, होडीत बसवले, आग विझवायच्या पंपावर बसवले. जमीन, पाणी, आकाश, तिन्हीकडे आपले इंजिन चालले पाहिजे, ही तीन टोकांच्या ताऱ्यामागची कल्पना. १९०९ साली तो तारा नोंदवला गेला. त्याच डेमलरने १८९६ साली मालट्रकही बांधून विकला होता. म्हणजे तारा हा मूळचा शेठजीचा नाही, कामाच्या इंजिनाचा आहे.

आणि 'मर्सिडीज' हे नाव? ते तर एकगठ्ठा खरेदीतून आले. एमिल येलिनेक नावाचा एक ऑस्ट्रियन व्यापारी फ्रान्समधल्या नीस शहरात श्रीमंतांना डेमलरच्या गाड्या विकायचा. १९०० साली त्याने कंपनीला सांगितले, ३६ गाड्या एकदम घेतो, साडेपाच लाख मार्क मोजतो, पण गाडी मी सांगतो तशी बांधा आणि तिला माझ्या मुलीचे नाव द्या. मुलीचे नाव मर्सिडीज, तेव्हा दहा वर्षांची. कंपनीने मुकाट ऐकले. विल्हेल्म मायबाख याने ती गाडी रचली, १९०१ साली ती आली. एकट्याने एक गाडी मागितली असती तर त्याला कंपनीने दारात उभे केले असते की नाही, शंका आहे. हे ३६ गाड्यांचे प्रकरण लक्षात ठेवा, पुढे कामी येणार आहे.

१९२६ साली डेमलर आणि बेंझ या दोन्ही कंपन्या एक झाल्या. पुढचा काळ फार उजळ नाही. हिटलरच्या राजवटीत आणि दुसऱ्या महायुद्धात या कंपनीच्या कारखान्यांत सक्तीने आणलेले मजूर, युद्धकैदी आणि छळछावणीतले कैदी राबवले गेले. नंतर कंपनीने ते मान्य केले. तारा चकाकतो म्हणून हे झाकून ठेवायचे कारण नाही.

पण युद्ध हरल्यानंतरचा भाग आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. शहरे पडलेली, खायला नाही, देशाला आधी बटाटा पाहिजे होता. विमानाच्या इंजिनांवर काम केलेला आल्बर्ट फ्रीडरिश नावाचा अभियंता होता. त्याने शेतीसाठी एक यंत्र रचले. नांगरेल, ओढेल, पिकल्यावर माल घेऊन रस्त्याने बाजारातही जाईल. त्याचे नाव युनिमॉग. दोन चाकांमधले अंतर किती ठेवले? १२७० मिलिमीटर. का, तर बटाट्याच्या दोन ओळी बरोबर त्यात बसाव्यात म्हणून! इंजिन डिझेलचे, २५ अश्वशक्तीचे. १९४८ पासून ते विकायला लागले, १९५१ ला डेमलर-बेंझने ते आपल्याकडे घेतले. आणि सुरुवातीच्या युनिमॉगच्या नाकावर तारा नव्हताच. तिथे बैलाचे डोके होते, शिंगांचा 'यू' केलेला. तारा आला १९५३ साली. पोळ्याला बैलाच्या कपाळावर आपण जे बाशिंग बांधतो, त्याच जागी पुढे मर्सिडीजचा तारा बसला असे म्हटले तरी चालेल.

हे सगळे एवढ्या विस्ताराने सांगितले, कारण आपल्याकडे ही गाडी आली ती फक्त प्रतिष्ठेची वस्तू म्हणून. १९९४ साली टेल्कोसोबत भागीदारी करून कंपनी पुन्हा भारतात आली, १९९५ पासून पिंपरीला मोटारी तयार होऊ लागल्या, आणि २००९ साली कारखाना चाकणला गेला. चाकण म्हणजे कांद्याची बाजारपेठ. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून आलेल्या शरद जोशींनी जवळच्याच आंबेठाणला शेती घेतली आणि १९८० साली कांद्याच्या भावासाठी पुणे-नाशिक रस्ता याच चाकणला अडवला. जिथे शेतकरी भावासाठी रस्त्यावर बसला होता, तिथे आज देशातल्या सर्वांत महाग गाड्यांपैकी काही बांधल्या जातात. जमिनी कुणाच्या गेल्या ते सांगायला नको. २०२४ या एका वर्षात कंपनीने भारतात साडेएकोणीस हजारांवर गाड्या विकल्या. म्हणजे घेणारे आहेत, आणि वाढत आहेत.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, एकाच वेळी १५० मर्सिडीज गाड्या ग्राहकांच्या हाती दिल्या गेल्या. उद्योजक, डॉक्टर, बिल्डर वगैरे मंडळींनी गट केला होता. किंमत सगळ्यांची मिळून ६५ कोटींच्या आसपास. 'मराठवाडा मागास आहे असे कोण म्हणते, आम्हीही आहोत' हे जगाला दाखवायचे होते. देशभर बातम्या झाल्या. दाखवले त्यांनी, त्यात वाद नाही. पण बातमीच्या पोटात दुसरी बातमी होती. या गटाला स्टेट बँकेने कर्ज दिले, रकमेतला मोठा वाटा बँकेचाच, आणि व्याजाचा दर सात टक्के. त्याच वर्षी, त्याच मराठवाड्यात, ट्रॅक्टरच्या कर्जाला बारा टक्के आणि त्याहून वर व्याज लागत होते. पत्रकार पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१० मध्ये ही विसंगती इंग्रजी वर्तमानपत्रात मांडली तेव्हा ती थोडी चर्चेत आली. नंतर लोक विसरले.

शेतकरी बंधूंनो, हा फरक नुसता आकड्यात सोडून देऊ नका, धानात मोजा. सहा लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी. सात टक्क्यांनी महिन्याचा हप्ता साधारण ११,८८० रुपये बसतो, बारा टक्क्यांनी १३,३५० च्या आसपास. पाच वर्षांत फरक ८८ हजारांचा. २०२५-२६ चा साधारण धानाचा हमीभाव २,३६९ रुपये क्विंटल आहे. म्हणजे ८८ हजार म्हणजे ३७ क्विंटल धान. दोन-अडीच एकराचे अख्खे पीक. रोवणी, निंदण, चुरणी, केंद्रावरची रांग, सगळे करून ते पीक ट्रॅक्टरवाला फक्त 'मी मर्सिडीजवाला नाही' याबद्दल देऊन बसतो.

बँकेवर राग काढणे सोपे आहे, मीही काढला. पण नंतर शांत डोक्याने विचार केला तेव्हा वाटले, त्या दीडशे जणांनी केले काय? श्रीमंत होते, फेडतील ही खात्री होती, हे तर खरेच. पण श्रीमंत माणूस एकटा गेला असता तर त्याला ती सूट आणि तो दर मिळाला असता का? त्यांनी दीडशे जणांची यादी केली, एक बोलणारा पुढे केला, कंपनीशी एकदा भाव ठरवला, बँकेशी एकदा दर ठरवला. येलिनेकने १९०० साली जे ३६ गाड्यांचे केले, तेच. म्हणजे सहकार! ज्या महाराष्ट्रात सहकाराची भाषणे ऐकत आपण म्हातारे होतो, त्या महाराष्ट्रात सहकाराने मर्सिडीज घेतली श्रीमंतांनी, आणि आपण एकेकटे ट्रॅक्टर घ्यायला जातो. शोरूममध्ये एकटे, बँकेत एकटे, हप्ता थकला की घरीही एकटे.

एखाद्या गावात एका हंगामात चार ट्रॅक्टर येतात. चौघांनी चार दिवशी, चार दुकानांतून, चार दरांनी घेतलेले असतात. एकाने बँकेतून, दुसऱ्याने खासगी फायनान्सकडून, जो फोनवर दर सांगतो वेगळा आणि कागदावर लिहितो वेगळा. विचारले तर म्हणतात, "त्याले कायले सांगायचं जी, तो नजर लावते." नजर लागायची ती लागो, पण ३७ क्विंटल धान तर जातेच आहे.

गाडी घेऊ नका असे सांगायला खात्याने मला नेमलेले नाही. ज्याची ऐपत आहे त्याने जरूर घ्यावी. पण आपल्या जिल्ह्यात पैसा कधी येतो ते बघा. पगारासारखा दरमहा येत नाही, जमीन गेल्यावर एकदम येतो. गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ ची, आणि प्रकल्पग्रस्तांसाठी सुमारे बाराशे कोटींचे विशेष पॅकेज जाहीर झाले २०१३ साली. पंचवीस वर्षे वाट पाहिलेल्या घरात तो पैसा आला. रुंद झालेल्या महामार्गात, वळणरस्त्यात जमिनी गेल्या. नागपूर-गोंदिया द्रुतगती मार्गाच्या आखणीतही आपल्या जिल्ह्याच्या जमिनी आहेत. पैसा येण्याआधी गावात गाड्यांचे दलाल येतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

माझ्या माहितीतल्या एका गृहस्थांचे सांगतो. नाव सांगत नाही, गाव सांगत नाही, आणि गाडी कोणत्या कंपनीची तेही विचारू नका. मोठी जर्मन गाडी होती एवढे पुरे. मोबदल्याच्या पैशातून त्यांनी नागपूरहून वापरलेली घेतली. नवीची किंमत ऐकून जुनी स्वस्त वाटली. पहिल्या दिवशी हनुमान मंदिरासमोर नारळ फोडला, अख्ख्या गावाला बुंदी वाटली. गाडीने त्यांना कधी दगा दिला नाही, हे ते स्वतः सांगतात. दरवाजा लावला की बाहेरचा आवाज बंद होतो, नागपूरला जाऊन आले तरी पाठ दुखत नाही, म्हातारी आई मागच्या सीटवर झोपून जायची, हे सांगताना आजही त्यांचा चेहरा फुलतो. मालकाचे सुख खोटे नव्हते.

पण घरापर्यंतचा रस्ता मातीचा. जुलै ते ऑक्टोबर गाडी डांबरी रस्त्यालगत सोयऱ्याच्या ओसरीत उभी राहायची, आणि मालक तिथवर सायकलने जायचे. चार टायर बदलले तेव्हा एका बैलजोडीचे पैसे गेले. विम्याचा हप्ता, नागपूरची सर्व्हिसिंग, आणि वर गावातल्या प्रत्येक लग्नात नवरदेवासाठी गाडी मागायला येणारे. नाही म्हणता येत नाही, डिझेल मात्र आपले. तिसऱ्या वर्षी विकली, निम्म्याहून कमी आली. यात गाडी बनवणाऱ्याचा दोष नाही. विम्याच्या तक्त्यातच पाच वर्षांच्या गाडीची किंमत निम्मी धरतात, मग ती तारेवाली असो की बिनतारेची. ट्रॅक्टरचीही किंमत उतरते, पण उतरता उतरता तो चार जणांची चिखलणी करून देतो.

मी त्यांना विचारले, तेव्हा कुणी सांगितले नव्हते का? ते म्हणाले, "सांगाले कोन आला होता? पैसे आले हे समद्यायले माहीत होतं, तुम्ही कोनीच नाही आले." हे वाक्य मला लागले. कारण त्या काळात मी त्याच मंडळात नवीन रुजू झालो होतो. त्या गावात बियाण्याच्या पिशव्या वाटायला गेलो होतो, पैशाचे बोलायला नाही.

म्हणून हे सगळे. आज, २०१० सारखी स्थिती राहिलेली नाही. २०२० पासून केंद्राची कृषी पायाभूत सुविधा निधी योजना चालू आहे. त्यात पात्र कामासाठी दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षांपर्यंत व्याजात तीन टक्के सवलत मिळते, आणि बँकेला मूळ दर नऊ टक्क्यांच्या वर लावता येत नाही. नऊमधून तीन गेले, राहिले सहा. म्हणजे त्या दीडशे मर्सिडीजवाल्यांच्या सातपेक्षाही एक टक्का कमी! शेतकरी गट, उत्पादक कंपनी, सोसायटी यांच्या अवजार भाडे केंद्राला, गोदामाला हे लागू होते. एकट्याला स्वतःच्या बांधीपुरता ट्रॅक्टर घ्यायचा असेल तर मात्र नाही. इथेच गोम आहे. स्वस्त पैसा गटासाठी ठेवला आहे, आणि आपण गट करीत नाही. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. मोठ्या मोटारींवर ४० टक्के आहे. निदान इथे तरी तराजू आपल्या बाजूला झुकला आहे.

गट म्हटले की लोक हात जोडतात, तेही मला माहीत आहे. तेरा जणांच्या एका गटाने भात रोवणी यंत्र घेतले होते. पहिल्याच पावसाळ्यात सगळ्यांना यंत्र एकाच आठवड्यात पाहिजे. अध्यक्षाच्या बांधीत आधी गेले, झाले भांडण. दुसऱ्या वर्षी यंत्र ताडपत्रीखाली. कसूर यंत्राची नव्हती, पऱ्ह्यांची होती. यंत्राला चटईवरचे पऱ्हे लागतात, ते पंधरा ते अठरा दिवसांचे असताना लावायचे असतात, आणि यंत्र दिवसाला दोन-तीन एकर करते. तेरा जणांनी एकाच दिवशी पऱ्हे टाकले तर ब्रह्मदेवही पाळी लावू शकत नाही. तीन-चार दिवसांच्या अंतराने टप्पे पाडून पऱ्हे टाकायचे, आणि कुणाचा टप्पा कोणता हे मे महिन्यातच चिठ्ठ्या टाकून ठरवायचे, म्हणजे पाळी आपोआप लागते. तासाचे मीटर यंत्रावर असतेच, पैसे त्याप्रमाणे. सभासदालाही फुकट नाही, अध्यक्षालाही नाही. वही ठेवायला बचत गटातली एखादी बाई घ्या. आमच्या भागात बायकांच्या वह्या पुरुषांच्या वह्यांपेक्षा स्वच्छ आहेत, हे मी लेखी द्यायला तयार आहे.

पंजाब-हरियाणाची हार्वेस्टर यंत्रे दरवर्षी आपल्याकडे येतात, तासाचे पैसे घेऊन निघून जातात. तो पैसा मोजला आहे का कुणी? एखाद्या सोसायटीच्या सचिवाने यंदा नुसता आपल्या गावापुरता हिशोब करून बघावा.

सरपंच, तलाठी, ग्रामसेवक मंडळींनाही थोडे सांगायचे आहे. आता तुम्ही ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी झालात, आम्हीही सहायक कृषी अधिकारी झालो, पाट्या बदलल्या. मोबदल्याच्या यादीत कुणाची नावे आहेत हे तुम्हाला आमच्या आधी कळते. पैसा खात्यात पडण्याआधी एक ग्रामसभा लावा. बँकेच्या शाखाधिकाऱ्याला बोलवा, आम्हालाही बोलवा, आणि त्याला सगळ्यांसमोर एकच प्रश्न विचारा: आम्ही वीस जण एकत्र आलो तर दर काय? तो सांगेल, "वरून विचारतो." विचारू द्या. औरंगाबादलाही कुणीतरी वरून विचारलेच असेल. उत्तर सभेच्या इतिवृत्तात लिहून ठेवा, म्हणजे दुसऱ्या गावाला दाखवता येते. ज्यांना पीक कर्ज मिळते त्यांनी तीन लाखांपर्यंतचे वेळेत फेडल्यास व्याज शून्यावर येते, हेही त्याच सभेत सांगा. अजून अनेकांना ते माहीत नाही, आणि बँक होऊन सांगत नाही.

टपरीवरच्या त्या म्हातारबांकडे परत येतो. गाडी निघून गेल्यावर पोरांना ते त्यांच्या ट्रकचे सांगत बसले. थंडीत तो ट्रक चालू करायला आधी इंजिन तापवावे लागायचे, रेडिएटरमध्ये पाणी भरायला ते लाखनीच्या तलावावर उतरायचे, आणि मालकाने एकदा रागाने तो तारा काढून गल्ल्यात ठेवला, कारण गाडी उभी असली की पोरे तो ओढून नेत. पोरांनी विचारले, "तो तारा आता कुठे असन?" म्हातारबा म्हणाले, "मिल बंद पडली. गल्ला कोन नेला ते माहीत नाही."

आमच्या मंडळातले अकरा जण उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकण्याआधी बँकेत जाणार आहेत. दोन ट्रॅक्टर, एक रोटाव्हेटर आणि एक रोवणी यंत्र, चटईच्या साच्यांसह. तीन दुकानांचे लेखी भाव घेऊन झाले आहेत. एकाच्या सातबाऱ्यावर जुना बोजा निघाला आहे, तो उतरवायचे काम चालू आहे. कुणाला ते कागद आणि हप्त्यांचा तक्ता पाहायचा असेल तर मंगळवारी सकाळी दहा ते बारा मी मंडळ कार्यालयात असतो. येताना आपल्या ट्रॅक्टर कर्जाचा करारनामा सोबत आणा, दर काय लिहिला आहे ते आधी वाचू.